झिजलेले खनिज आणि ओळखीची कसोटी : अध्यापनपद्धतीचे एक परीक्षण

नाशिक जिल्ह्याचा बहुतांश भाग दख्खनच्या बेसाल्टने व्यापलेला आहे. पांडवलेणी परिसरातील दगडखाणींतून मिळालेले ॲपोफिलाइट, स्टिल्बाइट इत्यादींचे स्फटिक जगभरच्या संग्राहकांना परिचित आहेत. सिन्नर येथे २००१ मध्ये सुरू झालेल्या गारगोटी संग्रहालयाने हे वैभव सर्वसामान्यांपर्यंत पोहोचविले. संग्रहालयाने सुंदर व अभंग नमुने मांडावेत, हे योग्यच होय. मात्र प्रात्यक्षिकाच्या वर्गातही केवळ असेच नमुने हाताळले जात असतील, तर ती पद्धती अपुरी ठरते. निसर्गात खनिज बहुधा झिजलेल्या रूपातच भेटते.

या उणिवेची परीक्षा जुन्या सोन्याच्या खाणींत होते. कर्नाटकातील रायचूर जिल्ह्यात हट्टी येथे प्राचीन खाणकामाचे अवशेष आहेत. तेथील धातुकात क्वार्ट्झच्या शिरांसोबत पायराइट, आर्सेनोपायराइट ही सल्फाइड खनिजे आढळतात. अशा धातुकाचा हवापाण्याशी संपर्क आला की पायराइट कुजून तपकिरी लिमोनाइट व पिवळा जॅरोसाइट तयार होतो. आर्सेनोपायराइटपासून हिरवट स्कोरोडाइट बनू शकतो. सोने मात्र गंजत नाही; ते गंजलेल्या पोकळ्यांत मोकळे होऊन राहू शकते. चकाकीवर विसंबणारा विद्यार्थी येथे पायराइट उचलतो आणि सोने असलेला गंजका तुकडा टाकून देतो.

रंगाची साक्षही तितकीच फसवी असते. नाशिकच्या बेसाल्टमधील पोकळ्यांना सेलाडोनाइटचा हिरवा थर असतो. तांब्याच्या धातुकावर मॅलाकाइटही हिरवाच दिसतो. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकल्यास मॅलाकाइट फसफसतो, सेलाडोनाइट फसफसत नाही.

सराफाचा व्यवहार या बाबतीत अधिक शास्त्रीय म्हणावा लागेल. तो दागिन्याची झळाळी पाहून थांबत नाही; कसोटीच्या दगडावर कस लावतो. खनिजशास्त्रातील कसही याच जातीचा आहे. न चकाकविलेल्या चिनीमातीच्या फरशीवर सोन्याचा कस पिवळा, पायराइटचा हिरवट काळा, तर हेमटाइटचा तांबूस तपकिरी उमटतो. सोन्याचे काठिण्य २.५ ते ३, पायराइटचे ६ ते ६.५ असते. झिजलेल्या नमुन्याबाबत मात्र एक पथ्य आवश्यक आहे: वरच्या सालीचा कस हा सालीचाच असतो, म्हणून नमुना फोडून आतल्या ताज्या भागाचा कस स्वतंत्रपणे घ्यावा.

या कसोट्यांनाही मर्यादा आहेत. मातकट, सूक्ष्मकणी मिश्रणाचा निर्णय क्ष-किरण विवर्तनावाचून करणे धाडसाचे ठरते. शिवाय आर्सेनिकयुक्त नमुना तापविणे वा चाखणे घातक होय. म्हणून ओळखीतील चूक केवळ गुणांपुरती राहत नाही.

सारांश, प्रत्येक प्रयोगशाळेत सुबक स्फटिकाशेजारी त्याच खनिजाचा कुजका नमुना ठेवला जावा, आणि परीक्षेत विद्यार्थ्याला नावाबरोबर त्यामागचा पुरावाही विचारला जावा. अशा परीक्षेत विद्यार्थ्याच्या पाठांतराचा नव्हे, तर निरीक्षणाचा कस लागेल.