चुकलेल्या तारखेचे मोल

इतिहासाच्या पुस्तकात तारीख चुकली तर आपण शुद्धिपत्र जोडतो आणि मोकळे होतो. पण एका गावातली अनेक माणसे एकच तारीख एकाच दिशेने चुकू लागली, तर त्या चुकीचे काय करायचे? आलेस्सांद्रो पोर्तेल्ली या इटालियन अभ्यासकाचा एक निबंध या प्रश्नाभोवती उभा आहे. ‘लुइजी त्रास्तुल्लीचा मृत्यू आणि इतर कथा’ अशा अर्थाच्या नावाचे त्याचे पुस्तक १९९१ साली इंग्रजीत निघाले. मौखिक इतिहासावर, म्हणजे माणसांच्या तोंडून ऐकून लिहिलेल्या इतिहासावर, लेखन पुष्कळ झाले आहे. पण या विद्येला स्वतःची दृष्टी देणारे लेखन थोडे, आणि त्यात हा निबंध मी पहिल्या पंगतीला बसवतो.

हकीगत साधी आहे. मध्य इटलीतले तेर्नी हे पोलादाच्या कारखान्याचे गाव. १७ मार्च १९४९ रोजी तिथले कामगार काम सोडून बाहेर पडले. इटलीने नाटो करारात सामील होऊ नये, यासाठी ती निषेधसभा होती. पोलिसांशी चकमक झाली आणि तीत लुइजी त्रास्तुल्ली हा एकवीस वर्षांचा कामगार मारला गेला. पुढे १९५३ च्या ऑक्टोबरात त्याच कारखान्याने दोन हजारांवर माणसे कामावरून काढली. गाव पेटले, रस्त्यांत अडथळे उभे राहिले, लढत दिवसच्या दिवस चालली. दोन प्रसंगांत चार वर्षांहून अधिक अंतर आहे. मौज अशी की, पोर्तेल्ली ध्वनिमुद्रक घेऊन जुन्या कामगारांकडे बसला, तेव्हा त्यांतल्या अनेकांनी त्रास्तुल्लीला १९५३ साली मारले. नाटो गेला, सभा गेली. नोकरीसाठी लढताना तो पडला असे ते सांगू लागले.

आपल्याकडच्या शिस्तीने विचार केला तर ही साक्ष तिथेच बाद होते. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला आणि बखरींना अस्सल पत्रांच्या कसोटीवर घासून पाहिले. बखरकारांचे कालविपर्यास त्यांनी निर्दयपणे उघडे केले. ते योग्यच होते. त्या निर्दयपणावाचून मराठी इतिहासलेखन गोष्टीवेल्हाळपणातून बाहेर पडले नसते.

पोर्तेल्लीनेही पहिले पाऊल राजवाड्यांचेच टाकले आहे, हे त्याच्या भक्तांनी विसरू नये. त्याने वर्तमानपत्रे पाहिली, कोर्टाची कागदपत्रे पाहिली, खरी तारीख निश्चित केली. कागद नसता तर चूक ही चूक आहे हे कळलेच नसते. फरक आहे तो दुसऱ्या पावलात. चूक सापडल्यावर राजवाडे साक्षीदाराला उठवतात. पोर्तेल्ली त्याला आणखी जरा बसवून घेतो. ही चूक याच दिशेने का झाली, असे तो विचारतो.

आणि उत्तर मिळते ते तारखेहून मोठे असते. १९४९ साली डोळ्यांदेखत सोबती मारला गेला आणि आपण काही करू शकलो नाही, हा सल त्या माणसांच्या मनात राहिला होता. १९५३ साली मात्र ते लढले. म्हणून स्मृतीने तो मृत्यू उचलला आणि लढतीच्या दिवशी नेऊन ठेवला. तिथे त्या मरणाला उत्तर मिळते. तिथे ते दूरच्या करारापायी नव्हे, तर घरच्या भाकरीपायी आलेले ठरते. कागद सांगतो, त्रास्तुल्ली केव्हा मेला. चूक सांगते, त्याचे मरण गावाने कसे सोसले.

पोर्तेल्ली रोमच्या विद्यापीठात अमेरिकन साहित्याचा प्राध्यापक होता, हे मला अपघाती वाटत नाही. निवेदक प्रसंगांचा क्रम का बदलतो, हे वाङ्मयाच्या वाचकाला विचारावेसे वाटते. पुस्तकाच्या नावात ‘कथा’ हा शब्द तो बेधडक वापरतो, पण कथा म्हणजे खोटे असे त्याला म्हणायचे नाही.

तरीही या पद्धतीची एक मर्यादा मला जाणवते. तेर्नीत कागद होते. जिथे ते कोणी ठेवलेच नाहीत तिथे काय? उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे १९८९ चे पुस्तक मला इथे आठवते. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांच्या मुलाखती त्यांनी घेतल्या, तेव्हा त्यांतल्या कितीजणी वृद्ध झाल्या होत्या. सभेचा वृत्तान्त व्यासपीठावरच्या भाषणांचा असतो. समोर मूल कडेवर घेऊन बसलेल्या बाईची नोंद त्यात सहसा येत नाही. अशा बाईच्या सांगण्याला कागदाशी ताडायचे म्हणजे ज्या वहीत तिचे नावच नाही त्या वहीत तिला शोधायचे. मग एका सांगणारीला दुसरीशेजारी ठेवावे, कुठे दोघी जुळतात आणि कुठे गप्प होतात ते पाहावे. हे पुरेसे नाही. पण तिला वगळण्यापेक्षा ते कितीतरी प्रामाणिक आहे. शिवाय पोलिसांचा अहवालही शेवटी कोणीतरी सांगितलेलाच असतो. तोंड दिसत नाही एवढेच.

माझी खरी तक्रार आहे ती ऐकणाऱ्यांविषयी. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अ‍ॅलन नेव्हिन्स यांनी १९४८ साली या कामाला संस्थेचे रूप दिले. तिथे सुरुवातीच्या काळात मजकूर टंकलिखित झाला की फिती पुसून पुन्हा वापरल्या जात. आवाज गेला, अडखळणे गेले, उरला तो पुन्हा कागदच. आपल्या मुलाखतींत तर प्रश्नच गाळले जातात. काय विचारले ते ठाऊक नसेल, तर उत्तर कशाचे उत्तर आहे हे वाचकाने ओळखावे कसे? आणि संपादक सांगणाऱ्याची तारीख गुपचूप दुरुस्त करतो, तेव्हा तेर्नीचे सारे धन तो दाराबाहेर लोटतो. दुरुस्ती तळटीपेत असावी; मजकुरात सांगणाऱ्याचीच तारीख राहावी.

दिवाळीत घरे भरतात, फराळाच्या ताटाभोवती थोरली माणसे जुने काही काढतात. आजी म्हणते, धरण फुटले त्या वर्षी तुझ्या आत्याचे लग्न झाले. नातू लगेच मोबाईलवर साल काढून म्हणतो, ‘नाही गं आजी, तेव्हा नव्हे.’ आजी म्हणते, ‘असेल बाबा,’ आणि पुढे बोलतच नाही. नातवाने साल जरूर शोधावे, पण मागाहून. आधी त्याने एवढेच विचारावे, ‘मग त्या लग्नात काय झाले?’