उतारा वाचला, पण समजला का?

'खालील उतारा वाचा व त्याखालील प्रश्नांची उत्तरे लिहा' ही सूचना शाळांत इतकी रुळली आहे की तिच्याकडे कोणी शंकेने पाहत नाही. आमची तक्रार त्याखालच्या प्रश्नांविषयी आहे. हे वाक्य पाहा : 'लिंबरा गमळू ठोसक्यावर झिमटला.' वाक्य निरर्थक आहे, आम्हीच रचलेले. आता विचारा : कोण झिमटला? कशावर? गमळू कसा होता? वर्गातील बहुतेक मुले पैकीच्या पैकी गुण घेतील!

आता खऱ्या विषयाकडे येऊ. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांत पसरला आहे. समजा, उताऱ्यात वाक्य आहे : 'खाऱ्या पाण्यातील सोडियममुळे काळ्या मातीचे कण सुटे होतात व निचरा मंदावतो.' 'निचरा कशामुळे मंदावतो?' असे विचारले की मुलगा 'सोडियममुळे' लिहून मोकळा होतो. पण सुटे झालेले कण मातीतील बारीक पोकळ्या बुजवतात, म्हणून पाणी मुरत नाही, ही मधली कडी वाक्यात नाहीच. ती वाचणाऱ्याने जोडायची असते, आणि आकलन म्हणतात ते यालाच. त्याऐवजी असे विचारावे : 'दर्यापूरकडच्या एका शेतकऱ्याच्या विहिरीला भरपूर पाणी आहे, तरी ते वावराला द्यायला तो कचरतो. का?' हे उत्तर उताऱ्यातून उचलता येत नाही, आणि उतारा न वाचता पुरते देताही येत नाही.

खाऱ्या विहिरीजवळ वाढलेले मूल येथे पुढे जाईल, मग त्याचे वाचन अडखळते का असेना. अमेरिकेत रेक्ट आणि लेस्ली यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बेसबॉल जाणणाऱ्या कच्च्या वाचकांना बेसबॉलच्या सामन्याचा उतारा, खेळ न जाणणाऱ्या चांगल्या वाचकांपेक्षा अधिक समजला होता. 'कच्चा' हा शिक्का मारण्यापूर्वी उतारा कशावर होता, हे पाहिलेच पाहिजे.

मोठ्याने वाचून घेण्याची कसोटीही अशीच फसवी आहे. २००५ साली सुरू झालेल्या 'असर' पाहणीत मुलाला दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचता येते का, हे पाहतात. लाखो मुलांच्या पाहणीला ते ठीक आहे, वर्गाला नाही. देवनागरी बहुतांशी उच्चाराप्रमाणे लिहिली जाते. त्यामुळे अक्षरे आली की न समजलेलेही घडाघडा वाचता येते. मेळघाटात, धारणी-चिखलदऱ्याकडे, घरी कोरकू बोलणारे मूल मराठी पान असे वाचून दाखवते, आणि आपण त्याला पुढच्या पाठाकडे नेतो. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा, मराठीशी तिचे नाते नाही. त्याला वाक्याचा अर्थ त्याच्या भाषेत सांगू द्यावा. शिक्षकाला ती येत नसेल, तर वर्गातीलच दुसरे मूल मराठीत सांगेल.

असे प्रश्न तपासायला वेळ लागतो, ही शिक्षकांची अडचण खरी आहे. म्हणून आठवड्याला एकच विचारावा, तोही तोंडी.