नौदलमंत्री नक्की कुणाचा?

नागरी-लष्करी संबंधांवर संशोधन करायचं ठरवलंय? मग एलियट कोहेन यांचं ‘सुप्रीम कमांड’ (2002) तुमच्या हातात येणारच. नागरी नेत्यानं सेनानींना सतत प्रश्न विचारत राहावं, हे त्यांचं म्हणणं पटतं. पण त्यांनी निवडलेली माणसं बघा: लिंकन, क्लेमांसो, चर्चिल, बेन-गुरियन. चौघंही सत्तेच्या शिखरावरचे. मधल्या पायरीवरच्या नागरी माणसाचं काय?

अमेरिकेतलं 1949 साल घ्या. संरक्षणमंत्री लुई जॉन्सन यांनी ‘युनायटेड स्टेट्स’ ही विमानवाहू नौका एप्रिलमध्ये रद्द केली, तीही नौदलमंत्री जॉन सलिव्हन यांना न विचारता. सलिव्हन यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी फ्रान्सिस मॅथ्यूज आले. ऑक्टोबरमध्ये नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल डेनफेल्ड यांनी काँग्रेसच्या समितीपुढे सरकारी धोरणाविरुद्ध साक्ष दिली, तेव्हा मॅथ्यूज यांनी त्यांना पदावरून हटवलं. पुढे 1950 मध्ये त्याच समितीनं या हकालपट्टीवर टीका केली.

आता मोजा. जॉन्सन, सलिव्हन, मॅथ्यूज, समिती: सगळे नागरीच! प्रश्न विचारणारे नागरी, आणि उत्तर देणाऱ्याला घरचा रस्ता दाखवणाराही नागरीच. इथे कोहेन यांची ‘एक नेता, समोर सेनानी’ ही मांडणी अपुरी पडते.

म्हणून आराखड्यात नुसतं ‘नागरी नेतृत्व’ असं मोघम लिहू नका. ते कुठल्या पायरीवरचं, कुणाला उत्तरदायी आणि कुणाच्या वतीनं बोलणारं, हे आधी ठरवा. नाहीतर खरं बोलण्याची किंमत कुणी मोजली, हेच तुमच्या प्रबंधातून निसटेल.