‘हे पूर्ण व्हावे म्हणून’ : संत मत्तय आणि भाकितांचा हिशेब

‘भाकीत’ हा शब्द ख्रिस्ती मराठी वाचकाच्या इतका अंगवळणी पडला आहे, की त्याचा अर्थ एकदा तपासून पाहावा असे सहसा कोणाला वाटत नाही. आगमनकाळ जवळ आला, की यशया, मीखा, जखऱ्या यांची वचने एका बाजूस आणि शुभवर्तमानातील प्रसंग दुसऱ्या बाजूस मांडले जातात, आणि दिवाळीला वाण्याने खातेवही जुळवावी तशी ती जुळवून दाखविली जातात. यात्रेच्या दिवशी चर्चच्या आवारात मिळणाऱ्या पुस्तिकांतून हा प्रकार चालतो, आणि खरे सांगायचे तर आम्हा धर्मगुरूंच्या प्रवचनांतूनही चालतो. त्यामागची श्रद्धा प्रामाणिक असते, याविषयी आम्हांला शंका नाही. परंतु पवित्र ग्रंथ वाचण्याची ही रीत संत मत्तयाची नव्हे, असे आमचे मत आहे. ते येथे सविस्तर मांडावयाचे आहे.

ज्या शब्दांवरून हा घोटाळा होतो तो शब्द संत मत्तयाच्या लेखणीतून वारंवार उतरतो. प्रभूने संदेष्ट्याच्या मुखातून जे सांगितले होते ते पूर्ण व्हावे म्हणून हे सर्व झाले, अशा अर्थाचे वाक्य त्याच्या शुभवर्तमानात दहाएक ठिकाणी आहे. पहिल्या दोन अध्यायांतच ते चार वेळा येते. आता ज्या मूळ वचनांचा तो उल्लेख करतो, ती त्यांच्या जागी जाऊन वाचली तर काय दिसते?

यशयाचा सातवा अध्याय घ्यावा. काळ ख्रिस्तपूर्व ७३४ च्या सुमाराचा. अरामाचा राजा रसीन आणि इस्राएलचा राजा पेकह यांनी मिळून यरुशलेमवर चाल केली आहे, आणि यहूदाचा राजा आहाज याचे व त्याच्या प्रजेचे काळीज वाऱ्याने रान हलावे तसे हलले आहे. यशया त्याला भेटतो ते राजवाड्यात नव्हे, तर वरच्या तळ्याच्या पाटाच्या तोंडाशी, परटाच्या शेताकडे जाणाऱ्या रस्त्यावर. बरोबर त्याचा लहान मुलगा आहे. ‘शेष परत येईल’ असे अर्थपूर्ण नाव त्या पोराला ठेवलेले आहे. देवाकडे हवी ती खूण माग, असे संदेष्टा सांगतो. आणि आहाज मोठ्या धार्मिकपणाचा आव आणून म्हणतो, की आपण देवाची परीक्षा पाहणार नाही. वस्तुतः मदत कोणाकडे मागायची हे त्याने ठरवलेले असावे. राजांच्या दुसऱ्या पुस्तकावरून कळते, की त्याने मंदिरातील सोनेरुपे काढून अश्शूरच्या तिग्लथ-पिलेसरकडे धाडले आणि आपण त्याचे दास व पुत्र आहोत असे कळविले. पुत्र हा शब्द ध्यानात ठेवावा. दाविदाच्या घराण्यातील राजाने कोणाचा पुत्र म्हणवून घ्यावे, हाच त्या अध्यायातील खरा वाद आहे.

या प्रसंगी इम्मानुएलची खूण दिली जाते. हे बालक बरेवाईट कळण्याच्या वयाला येण्यापूर्वी त्या दोन राजांचा देश ओसाड पडेल, असे यशया पुढे सांगतो. म्हणजे खूण आहाजसाठी आहे, आणि तिला मुदत आहे. इ. स. पूर्व ७३२ मध्ये दमास्कस पडले, दहाएक वर्षांनी शोमरोनही पडले. केवळ भविष्य खरे ठरले की नाही एवढेच पाहावयाचे, तर हे भविष्य ख्रिस्तजन्माच्या सातशे वर्षे आधीच खरे ठरून संपले होते.

मूळ हिब्रू शब्द ‘अल्मा’ याचा अर्थ विवाहयोग्य तरुणी. ग्रीक भाषांतरकारांनी तेथे ‘पार्थेनोस’ म्हणजे कुमारी हा शब्द योजला, आणि संत मत्तयाने तेच भाषांतर वापरले. यावर दुसऱ्या शतकापासून वाद आहे. हुतात्मा संत जस्टिन याच्या ग्रंथात त्रिफो हा यहुदी नेमका हाच आक्षेप घेतो, आणि ते वचन हिज्कीया राजाविषयी आहे असे बजावतो. पुढे १९५२ साली एका इंग्रजी बायबलात ‘तरुणी’ असे छापले गेले, तेव्हा अमेरिकेत एका पाळकाने ते पान जाळून टाकले! पान जाळल्याने हिब्रू शब्दकोश बदलत नाही, हे त्यांना कोणीतरी सांगावयास हवे होते. आमच्या श्रद्धेला या शब्दाचे भय बाळगण्याचे कारण नाही. प्रभूचा जन्म कुमारी मरियेच्या पोटी झाला हे संत लूकही सांगतो, आणि ते सांगताना तो यशयाच्या या वचनाचा दाखला देत नाही. श्रद्धा आधी होती. वचनाकडे मत्तय त्या श्रद्धेच्या प्रकाशात नंतर वळला.

मग त्याने नेमके केले काय? त्याने नाव ऐकले. इम्मानुएल, आम्हांबरोबर देव. शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात हे नाव येते, आणि पुढे येशूला त्या नावाने कोणीही हाक मारीत नाही. मात्र अठ्ठाविसाव्या अध्यायात, अगदी शेवटच्या ओवीत, पुनरुत्थित प्रभू शिष्यांना आश्वासन देतो, की युगाच्या समाप्तीपर्यंत आपण त्यांच्याबरोबर आहोत. या दोन टोकांच्या मध्ये ते नाव भरत जाते. आहाजला जे मुदतीचे मिळाले होते ते येथे बिनमुदतीचे झाले.

होशेयच्या अकराव्या अध्यायातील वचन तर भविष्याविषयी नाहीच. मिसरातून मी माझ्या पुत्राला बोलाविले, असे देव तेथे इस्राएल प्रजेविषयी, घडून गेलेल्या गोष्टीविषयी बोलतो. आणि पुढल्याच ओवीत तक्रार करतो, की बोलाविले तितके ते दूर गेले. तो एका दुखावलेल्या बापाचा उद्गार आहे. हिशेब जुळविणाऱ्याला तेथे जुळविण्यासारखे काही नाही. परंतु मिसरहून परतणाऱ्या बाळाकडे पाहताना मत्तयाला ते जुने दुःख आठवते, आणि बोलाविल्यावर दूर न जाणारा पुत्र हा आहे, असे त्याला म्हणावयाचे आहे. नासरेथविषयीचे जे वचन तो देतो ते तर त्या शब्दांत जुन्या करारात कोठेच सापडत नाही.

आणि राहेलीचा आक्रोश. हेरोदाने बेथलेहेमची बालके मारली, तेव्हा मत्तयाला यिर्मयाचा एकतिसावा अध्याय आठवला. येथे त्याने एक बदल केला आहे, तो भाषांतरात सहज निसटतो. इतरत्र तो ‘हिना’ म्हणजे ‘यासाठी’ असे ग्रीक अव्यय वापरतो. येथे मात्र ‘तोते’, नुसते ‘तेव्हा’. तेव्हा यिर्मयाचे वचन पूर्ण झाले. यहूदाच्या तीस नाण्यांच्या प्रसंगीही असेच. बालकांची हत्या व मित्राचा विश्वासघात देवाने योजून ठेवले होते, असे लिहावयास त्याची लेखणी धजली नाही. एका अव्ययात केवढे धर्मज्ञान आहे! मूल गमावलेल्या आईबापांना ‘देवाची योजना’ असे सांगून मोकळे होणाऱ्यांनी हे अव्यय पाठ करावे. आम्ही दफनविधीनंतर हे वाक्य इतक्या वेळा ऐकले आहे, की त्याविषयी सौम्य लिहिणे आम्हांला जमत नाही.

‘पूर्ण होणे’ यासाठी मत्तय जे क्रियापद वापरतो, त्याचा साधा अर्थ ‘भरणे’ असा आहे. तेराव्या अध्यायात जाळ्याचा दाखला आहे. समुद्रात टाकलेले जाळे भरले, तेव्हा कोळ्यांनी ते काठावर ओढले. तेथे हेच क्रियापद आहे. आमच्या किनाऱ्यावरील वाचकांना याहून अधिक समजावून सांगण्याची गरज नसावी. जाळे टाकणारा कोळी कोणता मासा किती वाजता येईल याचे भविष्य सांगत नाही. तो जाळे टाकतो, वाट पाहतो, आणि ते भरते. त्यात जे येते ते अपेक्षेहून निराळेही असते.

मराठीने या बाबतीत आपल्याला पुरेसे शब्द दिले आहेत, आपणच ते एकमेकांत मिसळून टाकले. भविष्य खरे ठरते किंवा खोटे ठरते. नवस फेडला जातो. वचन दिले जाते, पाळले जाते, मोडले जाते. भविष्य सांगणाऱ्याचा आणि ऐकणाऱ्याचा संबंध पंचांग मिटताच संपतो. वचन देणारा मात्र त्या क्षणापासून बांधला जातो. जुन्या मराठी बायबलात ‘भविष्यवादी’ हा शब्द होता, त्याच्या जागी पुढे ‘संदेष्टा’ आला, हे फार चांगले झाले. ‘करार’ हा शब्द मात्र अजूनही आम्हांला थोडा कचेरीतला वाटतो. त्याला आता चार पिढ्यांची सवय जडली आहे, तेव्हा तो असू द्यावा.

संदेष्टा भविष्यवादी नव्हे, याचा पुरावा जुन्या करारातच आहे. योनाने निनवे शहरात जाऊन सांगितले, की चाळीस दिवसांनी हे शहर उलथून पडेल. हिब्रूत हे प्रवचन अवघ्या पाच शब्दांचे आहे. शहराने पश्चात्ताप केला, ते पडले नाही. भाकीत खोटे ठरले आणि देवाचे कार्य सिद्धीस गेले. रुसला तो एकटा योना. याच्या उलट हनन्या. बाबेलचे जू दोन वर्षांत मोडेल अशी त्याने मुदत घालून दिली, आणि यिर्मयाच्या मानेवरचे लाकडी जू सर्वांसमक्ष मोडून टाकले. यिर्मया आमेन म्हणाला, परमेश्वर असेच करो म्हणाला, आणि आपल्या वाटेने निघून गेला. त्याला लोकांचे भले नको होते असे नाही. पण लोकांना आवडते म्हणून तारीख द्यावी, हे त्याला पटणारे नव्हते. हनन्याचे वंशज पुढेही झाले. अमेरिकेत विल्यम मिलरच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा प्रभूच्या पुनरागमनाचा दिवस धरला होता. तो आला आणि गेला. दोन हजार साल उजाडण्यापूर्वी आपल्याकडेही मेणबत्त्या साठविणारे भाविक होते.

वचन मोडले असे ज्याला वाटते, त्याला पवित्र ग्रंथ गप्प बसवीत नाही, हेही येथे नोंदवावयास हवे. दाविदाचे सिंहासन सर्वकाळ टिकेल असे नाथान संदेष्ट्याने सांगितले होते. इ. स. पूर्व ५८७ मध्ये यरुशलेम पडले, मंदिर जळाले, आंधळा केलेला राजा बेड्या घालून बाबेलला नेला. एकोणनव्वदावे स्तोत्र वाचावे. अर्ध्याहून अधिक भागात ते त्या वचनाची स्तुती गाते, आणि मग एकदम उलटते. तू शपथ वाहिली होतीस, ती कोठे गेली, असे देवाला तोंडावर विचारते. या प्रश्नाचे उत्तर स्तोत्रात नाही, आणि तरीही ते प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवले गेले. ज्याच्या मते भाकीत म्हणजे जुळविलेला हिशेब, त्याने या स्तोत्राचे काय करावे? त्याचा हिशेब त्याच्या स्वतःच्या आयुष्यात कधी जुळेनासा झाला, तर त्याच्याजवळ खाते बंद करण्यावाचून मार्ग उरत नाही. असे खाते बंद केलेले पुष्कळ लोक आम्ही पाहिले आहेत. ते अश्रद्ध नव्हते, त्यांना वाचावयास चुकीचे शिकविले गेले होते.

हिशेबी वाचनाचा दुसरा बळी यहुदी समाज. इतके उघड जुळत असता यांना दिसत कसे नाही, हा प्रश्न शतकानुशतके त्यांच्यावर शस्त्रासारखा चालविला गेला. शुभ शुक्रवारच्या प्रार्थनेतील त्यांच्याविषयीचे अपमानकारक विशेषण पोप तेविसावे जॉन यांनी १९५९ मध्ये काढून टाकले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा जाहीरनामा १९६५ चा. २००१ मध्ये परमगुरूंच्या बायबल आयोगाने तर स्पष्ट म्हटले, की यहुद्यांची मसिहाची प्रतीक्षा व्यर्थ नाही. एकाच ग्रंथसंग्रहाचे दोन शेवट आहेत. आपला जुना करार मलाखीने, एलीया येईल या वचनाने संपतो. पान उलटले की बाप्तिस्मा करणारा योहान उभा. यहुद्यांचा संग्रह इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकाने, यरुशलेमला परत जा या कोरेश राजाच्या आज्ञेने संपतो. दोन्ही शेवट दारे उघडी ठेवणारे आहेत. त्या एलीयाची वाट मराठी बोलत पाहणारा समाज आपल्या शेजारीच, कुलाब्याच्या किनाऱ्यावर राहत आला आहे. बेने इस्राएलांच्या घरी मलिद्याच्या वेळी एलियाहू हन्नबीचे स्मरण होते. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकाच्या अखेरीस त्यांनी बायबलातील कथांवर मराठी कीर्तनेही उभी केली. आपल्यापैकी किती जणांनी ती चाळली आहेत?

फादर थॉमस स्टीफन्स यांचा उल्लेख केल्यावाचून हा विषय मराठीत पुरा होत नाही. रायतूर येथे १६१६ मध्ये रोमन लिपीत छापलेल्या त्यांच्या ग्रंथाला आपण ‘ख्रिस्तपुराण’ म्हणतो. पहिल्या आवृत्तीचे पोर्तुगीज नाव मात्र आपल्या तारणाऱ्याच्या जगातील आगमनाविषयीचे विवेचन, अशा अर्थाचे होते. आगमन हाच विषय. जवळजवळ अकरा हजार ओव्यांच्या या काव्यात पहिल्या पुराणाचे ३६ आणि दुसऱ्याचे ५९ अवस्वरू आहेत. म्हणजे एक तृतीयांशाहून अधिक ग्रंथ त्यांनी ख्रिस्तजन्माच्या आधीच्या वाट पाहण्याला दिला. सासष्टीच्या नवख्रिस्ती श्रोत्यांना थेट गोठ्यापाशी नेणे सोपे होते. त्यांनी तसे केले नाही. जुन्या करारात ख्रिस्ताच्या छाया पाहण्याची त्यांची पद्धत त्यांच्या काळाची आहे, ती आज जशीच्या तशी उचलता येणार नाही; पण वचनाला कथेचा अवकाश लागतो, तक्त्यात ते मरते, हे त्या इंग्रज येशूसंघीयाने ओळखले होते. पुराण हा प्रकार त्यांनी निवडला यातही औचित्य आहे. वंशावळ हे पुराणाचे एक लक्षणच. संत मत्तयाच्या पहिल्या पानावरील ज्या बेचाळीस पिढ्यांना आपले वाचक कंटाळतात, त्यांना ओवी ऐकणारा श्रोता कंटाळला नसता.

आगमनकाळाच्या चौथ्या रविवारी, ‘अ’ वर्षात, यशयाचा हा सातवा अध्याय मिस्सामध्ये वाचला जातो. वाचन दहाव्या ओवीला सुरू होते आणि चौदाव्या ओवीला थांबते. रसीन, पेकह, तळ्याचा पाट, यशयाचा मुलगा, सारे गळून जाते. उपासनेला वेळेची मर्यादा आहे, हे मान्य. परंतु त्या दिवशी घरी आल्यावर तोच अध्याय पहिल्या ओवीपासून सतराव्या ओवीपर्यंत मोठ्याने वाचावा, आणि वाचणाऱ्याने पंधराव्या ओवीतील दही व मध यांपाशी थोडे थांबावे.