महाडचा कागद कोणाच्या हाती?

चवदार तळ्यावर आपण जितके बोललो आहोत तितके दुसऱ्या कोणत्या घटनेवर क्वचितच बोललो असू. कविता झाल्या, जलसे झाले, दर २० मार्चला सभा होतात. परंतु त्या लढ्याची मूळ साधने कोठे आहेत, ती कोणी व कोणत्या दृष्टीने जपली, आणि महाड-पोलादपुरातल्या एखाद्या पोराला ती वाचावयाची झाली तर त्याने कोणते दार ठोठवावे, हा प्रश्न आपल्या समीक्षेने गंभीरपणे घेतलेला नाही. कथा-कवितेची चिकित्सा आपण करतो, साधनग्रंथांची करीत नाही. जणू ते ग्रंथ आकाशातून पडले आणि त्यांना बाजूच नाही!

वास्तविक महाडचा लढा हा कागदाचाही लढा होता. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कौन्सिलात मंजूर झाला. ५ जानेवारी १९२४ ला महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव केला आणि ४ ऑगस्ट १९२७ ला तोच मागे घेतला. १२ डिसेंबर १९२७ ला सवर्णांनी दिवाणी दावा लावला. दोन दिवसांत तात्पुरता मनाई हुकूम निघाला. निकाल हायकोर्टात लागला तो १७ मार्च १९३७ रोजी, न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि वाडिया यांच्यापुढे. (१९२२ साली गांधीजींना शिक्षा सुनावणारे ब्रूमफील्ड ते हेच.) अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची वहिवाट अनादी काळापासूनची आहे, असे वादींचे म्हणणे होते. ती अनादी असल्याचे त्यांना सिद्ध करता आले नाही. लेखणीवर ज्यांचा पिढ्यान् पिढ्या मक्ता, त्यांच्यापाशी ऐन वेळी आपल्याच ‘सनातन’ हक्काचा पुरावा निघाला नाही, हे मला महाडच्या इतिहासातले सर्वांत बोलके पान वाटते.

कोर्टातला हा न्याय उलटाही फिरतो. २९ सप्टेंबर २००६ च्या खैरलांजी हत्याकांडात २०१० साली नागपूर खंडपीठाने फाशीच्या शिक्षा बदलून जन्मठेप दिली आणि ॲट्रॉसिटी कायदा लागू होतो असे मानले नाही. साऱ्या गावाला जी जात दिसत होती ती कोर्टापुढच्या कागदात सिद्ध झाली नाही. तेव्हा पहिल्या दिवशीचा कागद कोण लिहितो, हा केवळ संशोधकाचा प्रश्न नव्हे.

या दृष्टीने महाराष्ट्र शासनाने १९८२ साली काढलेला ‘सोर्स मटेरिअल’चा पहिला खंड वाचावा. संपादक बी. जी. कुंटे. सरकारी व पोलिसी दप्तरांतले उतारे आणि वृत्तपत्रांची कात्रणे यांचा हा संग्रह आमच्या पिढीला फार उपयोगी पडला, हे प्रथम मान्य केले पाहिजे. परंतु तो वाचताना सतत जाणवते की आपण आपल्याच माणसांकडे फौजदाराच्या डोळ्यांनी पाहत आहोत. दप्तराला जमावाची संख्या हवी असते, वक्त्याचे नाव हवे असते, शांततेला धोका किती याचा अंदाज हवा असतो. दासगावहून भाकरी बांधून चालत आलेल्या बाईशी त्याला कर्तव्य नाही. २० मार्च १९२७ च्या दुपारी महाडात आपल्या लोकांना घराघरांतून, रस्त्यारस्त्यांतून मारले. त्या प्रकरणी पाच जणांना चार-चार महिन्यांची शिक्षा झाली. पुस्तकांतून जखमींचा आकडा सापडतो, नावे फार थोडी. अशा खंडाला संपादकाने निदान प्रस्तावनेत सांगावयास हवे होते की हा कागद कोणी, कोणासाठी लिहिला. ‘साधन’ या शब्दाआड ती जबाबदारी लपते.

येथे युरोपातले दोन संग्रह आठवतात. ज्यूंचा संहार आणि अस्पृश्यता यांची तुलना मी करीत नाही. दुःखाला तराजू लावण्याचा उद्योग आपण करू नये. तुलना आहे ती कागदाची. आल्फ्रेड वीनर हा जर्मन ज्यू १९३३ साली देश सोडून ॲमस्टरडॅमला आला आणि त्याने नाझींविषयीची कात्रणे, पत्रके, पुस्तके जमविण्याचे कार्यालय काढले. १९३९ साली ते लंडनला हलले. शत्रूचाच छापील शब्द त्याने इतक्या चिकाटीने साठवला की न्यूरेंबर्गच्या खटल्यांत तो उपयोगी पडला. परंतु हे ग्रंथालय तेवढ्यावर थांबले नाही. १९५० च्या दशकात एव्हा राइखमान यांच्या देखरेखीखाली वाचलेल्या माणसांच्या हजारावर साक्षी लिहून घेतल्या गेल्या. नुसता मारणाऱ्याचा कागद पुरत नाही, हे त्यांना कळले होते.

दुसरा संग्रह वॉर्सातला. इतिहासकार इमॅन्युएल रिंगेलब्लूम याने १९४० च्या नोव्हेंबरपासून कोंडलेल्या वस्तीत गुप्तपणे सहकारी जमविले आणि डायऱ्या, निबंध, रेशनकार्डे, ट्रामची तिकिटे, मिठाईचे कागदसुद्धा गोळा केले. ते सारे पत्र्याच्या पेट्यांत आणि दुधाच्या कॅनांत पुरले. काही १९४६ साली सापडले, काही १९५० साली. एक भाग अजून सापडलेला नाही. रिंगेलब्लूमला १९४४ साली ठार मारले.

मग आपले दुधाचे कॅन कोणते? ३ एप्रिल १९२७ ला निघालेले ‘बहिष्कृत भारत’ हे पहिले. शासनाने १९९० साली ते ‘मूकनायक’सह पुन्हा छापले. रत्नाकर गणवीरांचे ‘महाड समता संगर’ (१९८१) हे दुसरे, एका माणसाच्या ध्यासातून उभे राहिलेले. २००३ साली आलेले कॉ. आर. बी. मोरे यांचे अपुरे आत्मकथन व पुढे सत्येंद्र मोरे यांनी लिहिलेले चरित्र हे तिसरे. महाडची परिषद घडविणारी माणसे त्यात हाडामांसाची दिसतात. परंतु माझ्या मते सर्वांत मोलाचे काम १९८९ साली ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’मध्ये केले. त्या दारोदार गेल्या आणि बायकांना विचारले. डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेबांनी महाडात स्त्रियांपुढे भाषण केले, त्यांनी लुगडे नेसण्याची पद्धत बदलली, एवढे आपण पाठ केले. त्या बायका कोण, हे विचारायला साठ वर्षे लागली. मार्चच्या परिषदेसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले, असे चरित्रकार सांगतात. त्या पाण्याचा हिशेब ज्या चिठोऱ्यावर मांडला असेल, ते आपले ट्रामचे तिकीट.

आपण काय गमावले याचीही नोंद हवी. दिल्लीतल्या २६, अलीपूर रोडच्या घरातून १९६७ च्या जानेवारीत बाबासाहेबांचे कागद बाहेर काढले गेले आणि पावसात भिजले, असे नानकचंद रत्तू यांनी लिहून ठेवले आहे. उरलेल्यांतून वसंत मून यांनी १९७९ पासून खंड उभे केले. आणि पुढे? खंडांच्या छपाईसाठी ५ कोटी ४५ लाखांचा कागद घेऊन तो पडून राहिल्याची बातमी आली, आणि डिसेंबर २०२१ मध्ये हायकोर्टाला आपणहून दखल घ्यावी लागली. कोरा कागदसुद्धा आपल्यापर्यंत पोहोचत नाही!

मी हिरकणीवाडीची. आमच्या वाडीला जिचे नाव आहे तिचा बुरूज वर गडावर आहे. हिरकणीला कोणी पुरावा मागत नाही. चवदार तळ्यावर मार खाल्लेल्याच्या नातवाला मात्र मागतात. तो पुरावा शोधायला माझ्या विद्यार्थ्याला मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारापर्यंत जावे लागते. एस.टी.चे भाडे, शिफारसपत्र, राहायची सोय, आणि बुडालेली रोजी. एका ग्रंथालयात तर माझ्या विद्यार्थिनीला ‘हे सारे भाषणांना पुरते, वाचून काय करणार?’ असे ऐकावे लागले. जर्मनीत बाड आरोल्सेन येथे कोट्यवधी कागद आहेत. तेही संशोधकांना २००७ पर्यंत बंदच होते, तेव्हा तिकडचे सारे आदर्श असे समजू नये. पण आज तेथे नातवाने आजोबाचे नाव लिहून पाठविले तर कोणीतरी ते शोधून उत्तर देते. महाडात असे उत्तर देणारा एक माणूस, एक नावांची सूची आणि सावित्रीच्या पुराच्या रेषेवरचे एक कपाट एवढेच मागणे आहे. २२ जुलै २०२१ च्या महापुरात महाडातल्या घराघरांतल्या ट्रंका चिखलात गेल्या. २०२७ च्या शताब्दीसाठी कमानींचे खर्च जेव्हा मांडले जातील तेव्हा या कपाटाचा खर्चही कोणीतरी मांडावा.

दोन वर्षांपासून माझ्या वर्गातली मुले रायगडच्या पायथ्याच्या वाड्यांतून आणि दासगावकडून म्हाताऱ्यांची सांगणी उतरवून आणतात. नाव, गाव, कोणाकडून ऐकले, आणि सांगणाराला काय आठवत नाही तेही. सात वह्या झाल्या. त्या कोठे द्याव्यात हे ठरत नाही, म्हणून सध्या माझ्या पोटमाळ्यावर आहेत. यंदा कौले गळू लागली तेव्हा दोनदा खाली काढाव्या लागल्या.