कमांड गप्प राहते तेव्हा

सिस्टिम अॅडमिनने लिहिलेलं काही साहित्य म्हणून कुणी वाचत नाही, आणि बहुतेक वेळा ते बरोबरच असतं. हिंजवडी असो की ऐरोली, प्रॉडक्शन सर्व्हर पडला की दुसऱ्या दिवशी ‘आरसीए’ मागितला जातो, म्हणजे मूळ कारणाचा अहवाल. तो क्लायंटकडे जायचा असतो. त्यामुळे चार हातांतून फिरून येईपर्यंत त्यात ‘मानवी चूक’ आणि ‘यापुढे दक्षता घेण्यात येईल’ एवढाच ऐवज उरतो. ज्याने रात्रभर जागून सर्व्हर उभा केला त्याला जे खरोखर दिसलं, ते त्याच्या डोक्यातच राहतं.

म्हणून गिटलॅबचा अहवाल मी पुन्हा पुन्हा वाचतो. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री या कंपनीचा मुख्य डेटाबेस पुसला गेला आणि १० फेब्रुवारीला तिने त्याची हकीकत जाहीर केली. त्याआधी, संकट चालू असतानाच, टीम ज्या कागदावर नोंदी करत होती तोही सगळ्यांना वाचायला खुला होता. अहवाल आणि रात्रीच्या नोंदी एकमेकांशेजारी ठेवून वाचाव्यात. खरी मजा तिथे आहे.

घटना थोडक्यात अशी. गिटलॅबवर जगभरचे प्रोग्रामर आपला कोड ठेवतात. त्या संध्याकाळी स्पॅम करणाऱ्यांनी डेटाबेसवर मारा सुरू केला. त्यातच कुणा खोडसाळाने कंपनीच्याच एका कर्मचाऱ्याच्या खात्याची तक्रार केली होती, आणि ते खातं त्यातल्या सगळ्या डेटासकट काढून टाकण्याचं काम पार्श्वभूमीला सुरू झालं होतं. लिहिण्याचा भार इतका वाढला की दुय्यम मशीन मागे पडलं. मशीन दोन होती. डीबी-वन हे मुख्य आणि डीबी-टू ही त्याची सतत जुळवून घेतली जाणारी प्रत. प्रत फार मागे पडली की ती पुन्हा पहिल्यापासून उभी करावी लागते. तिथला जुना डेटा काढायचा आणि ‘पीजी-बेसबॅकअप’ ही कमांड चालवून मुख्य मशीनवरून नवा आणायचा. ज्याच्यावर हे काम आलं तो इंजिनियर खरं तर त्या रात्रीपुरता काम आवरायच्या बेतात होता. यूटीसीप्रमाणे साडेअकराच्या सुमारास त्याने डेटा काढायची आज्ञा दिली, ती डीबी-टूवर समजून डीबी-वनवर. एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं. आज्ञा थांबवली तेव्हा सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरले होते.

एवढंच सांगितलं तर हा एका माणसाच्या धांदरटपणाचा किस्सा होतो. अहवालाची कारागिरी ही की तो त्या क्षणाकडे घाईने जात नाही. आधी कमांड अडते, कारण मुख्य मशीन प्रतीसाठी जोडण्या पुरेशा देत नाही. ती मर्यादा वाढवली तर पोस्टग्रेस, म्हणजे डेटाबेस चालवणारं सॉफ्टवेअर, सुरूच व्हायला तयार नाही, कारण एकूण जोडण्यांचा आकडा ८,००० आहे आणि तो त्याला फार वाटतो. हाच आकडा कित्येक महिने बिनतक्रार चालला होता. तो २,००० वर आणला जातो. पोस्टग्रेस सुरू होतं. आता तरी कमांड चालेल म्हणून ती दिली जाते, आणि ती गप्प बसते. एरर नाही, प्रगतीचा आकडा नाही, काही नाही. सविस्तर बोलण्याचा पर्याय चालू ठेवूनही ती बोलत नाही.

मला हा परिच्छेद अहवालाचा कळस वाटतो, पुसण्याचा नव्हे. पुसण्याला दोन वाक्यं पुरतात. या शांततेला मात्र जागा दिली आहे, आणि वाचणाऱ्याला तिथे थांबावं लागतं. ज्याने रात्री अकरा वाजता काळ्या पडद्यावर नुसता लुकलुकणारा कर्सर पाहिला आहे त्याला ठाऊक असतं की अशा वेळी माणूस वाट बघत नाही, तर्क लढवतो. त्या इंजिनियरनेही लढवला. आधीच्या प्रयत्नांतलं काहीतरी डिरेक्टरीत उरलं असेल आणि कमांडला ती अगदी रिकामी हवी असेल. तर्क चांगला होता. मी त्याच्या जागी असतो तर हाच केला असता, आणि माझ्या माहितीतल्या कुठल्याही बऱ्या अॅडमिनने केला असता.

नंतर कळलं ते असं की कमांड अडकलेली नव्हतीच. मुख्य मशीन डेटा पाठवायला लागेपर्यंत ती निमूट वाट बघते, हेच तिचं नेहमीचं वागणं. तसं ना कंपनीच्या मार्गदर्शिकेत नीट लिहिलं होतं, ना अधिकृत कागदपत्रांत. रात्रीच्या नोंदींना हे माहीत नाही, अहवालाला माहीत आहे. दोन्ही मजकुरांच्या मधल्या या फटीत करुण रस आहे: काहीच न करता बसून राहिलं असतं तरी चाललं असतं. अहवाल हे एका साध्या वाक्यात सांगतो आणि पुढे जातो. हळहळ वाचणाऱ्यावर सोपवतो.

युनिक्सच्या जगात काम नीट झालं की आज्ञा काही बोलत नाही, हा जुना शिष्टाचार आहे. डेटा पुसणारी ‘आरएम’ ही आज्ञाही तशीच. डीबी-वन पुसला जात असताना पडद्यावर एक अक्षर उमटलं नसणार. म्हणजे एकाच रात्री, एकाच माणसासमोर दोन शांतता होत्या. पहिली निर्धोक होती आणि तिने त्याला घाबरवलं. दुसरी घातक होती आणि ती अगदी कामकाजी वाटत होती.

तिसरी शांतता यानंतर येते, आणि तिथे रस बदलतो. बॅकअप शोधायला सुरुवात होते. रोजचा डंप, म्हणजे डेटाबेसची फाइलीत उतरवलेली प्रत, अॅमेझॉनच्या साठवणीत असायला हवा. तिथला डबा रिकामा. कारण काय, तर डेटाबेस पोस्टग्रेस ९.६ चा होता आणि डंप घेणारं साधन ९.२ चं धावत होतं, त्यामुळे ते रोज पडत होतं. पडल्याची मेल जात होती का? जात होती. पण त्या मेलवर योग्य सही नसल्यामुळे समोरचा मेलसर्व्हर ती नाकारत होता. अॅझ्युअरचे डिस्क स्नॅपशॉट फाइल सर्व्हरसाठी घेतले जात होते, डेटाबेससाठी नव्हे. रात्रीच्या नोंदींत तर सरळ कबुली आहे की बॅकअपच्या आणि प्रतीच्या पाच पद्धतींपैकी एकही धड चालत नव्हती किंवा मुळात बसवलेलीच नव्हती. एकेक दार उघडावं आणि मागे भिंत निघावी असा हा भाग आहे, आणि लिहिणारा चेहऱ्यावरची रेषही हलू देत नाही. आपल्याकडे हे वाचताना पोटात गोळा येतो आणि हसूही येतं, कारण बॅकअपच्या ‘सक्सेस’च्या मेलला फोल्डर लावून वर्षभर न उघडणारी ऑफिसं कमी नाहीत.

तारलं ते एका योगायोगाने. त्याच इंजिनियरने सुमारे सहा तास आधी, वेगळ्याच चाचणीसाठी, डेटाबेसचा स्नॅपशॉट हाताने घेऊन स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीच्या सर्व्हरवर, ठेवला होता. ठरल्या वेळापत्रकावर विसंबून राहिले असते तर २४ तासांपर्यंतचं काम गेलं असतं. स्टेजिंगच्या डिस्क संथ, म्हणून कॉपीलाच अठराएक तास लागले, आणि ते हजारो लोकांनी यूट्यूबवर थेट पाहिले. त्या प्रक्षेपणाचं फार कौतुक झालं. मला ते तितकंसं महत्त्वाचं वाटत नाही. सुमारे ५,००० प्रोजेक्ट, तेवढ्याच टिप्पण्या आणि ७०० च्या आसपास नवी खाती गेली. कोडच्या रिपॉझिटरी वाचल्या.

उत्तरार्ध ढिला आहे हे मान्य करायला हवं. उपायांची यादी लांबते, वाक्यं सरकारी होतात. तरी यादीच्या सुरुवातीलाच असलेलं कलम पाहा: प्रत्येक मशीनच्या प्रॉम्प्टवर ते कुठलं मशीन आहे हे ठळक दिसावं. गप्प पडद्याला निदान आपलं नाव तरी सांगायला लावायचं.

नावावरून आठवलं. कंपनीने प्रसिद्ध केलेल्या मजकुरात त्या इंजिनियरचं नाव नाही. कुठे तो ‘टीम-मेंबर-वन’ आहे, कुठे नुसता ‘एक इंजिनियर’. कुणाला दोषी न धरता चूक तपासायची ही रीत जॉन ऑल्सपॉ यांनी २०१२ साली एट्सी कंपनीतल्या अनुभवावरून मांडली होती, आणि गिटलॅबने ती मनापासून पाळलेली दिसते. पण उपायांच्या यादीआधी अहवाल ‘का?’ हा प्रश्न एकावर एक विचारत जातो. डेटा का गेला, बॅकअप का नव्हता, तो पडतोय हे का कळलं नाही, तो कधी तपासला का गेला नाही. शेवटच्या ‘का’चं उत्तर येतं: ते काम कुणाच्या नावावर नव्हतं. ज्याने पुसलं त्याचं नाव मुद्दाम झाकलं होतं. बॅकअप तपासणाऱ्याच्या जागी झाकण्यासारखं नावच नव्हतं. उपायांच्या यादीत मग एक कलम पडलं, डेटा टिकवण्याची जबाबदारी एका माणसाकडे सोपवावी म्हणून.