‘श्वेतकुष्ठ’ : एका शब्दाचा दोष

आमच्या सोलापुरांत अंगावर पांढरा डाग दिसला कीं लोक ‘कोड’ म्हणतात. ग्रंथकार त्यासच ‘श्वेतकुष्ठ’ म्हणतात. हा दुसरा शब्द विद्वत्तेचा वाटला तरी चुकीचा आहे. चरकानें कुष्ठाचे १८ प्रकार सांगितले, पण ‘श्वित्र’ त्यांत न गणतां निराळें वर्णिलें. महारोगाचा जंतु हान्सेननें १८७३ मध्यें शोधला. कोडांत जंतु नाहीं, संसर्गहि नाहीं. रंगद्रव्य करणाऱ्या पेशी तेवढ्या नष्ट होतात. तरीहि नांवांतील ‘कुष्ठ’ ऐकून ठरलेली सोयरीक मोडते. भावे-सुकथनकरांनीं २००६ सालीं याच विषयावरील चित्रपटास ‘नितळ’ हें नांव दिलें. त्या नांवांत दया नाहीं, स्वच्छ दृष्टि आहे. परिभाषाकारांनीं तेवढी तरी दाखवावी. ‘श्वित्र’ हा जुना शब्द तयारच आहे.